टाळं लावा, पण आधी सांगा

२५ सप्टेंबर २०२५ला, गुरुवारी, स्टारबक्स या कॉफीच्या साखळीने अमेरिका आणि कॅनडातली आपली काही दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. नव्याने उघडलेली दुकानं हिशेबात धरूनही एकूण आकडा साधारण एक टक्क्याने खाली येणार होता आणि वर्षअखेर जवळपास १८,३०० दुकानं उरणार होती. म्हणजे बंद होणारी दुकानं शेकड्यांनी होती. शनिवार संपेपर्यंत त्यातल्या पुष्कळ दुकानांना टाळं लागलंसुद्धा. कंपनीचं आर्थिक वर्ष त्याच रविवारी, २८ तारखेला संपत होतं. दुकानांची यादी कंपनीने दिली नाही. आपलं दुकान वाचलं की गेलं हे ज्याने त्याने अ‍ॅपवर शोधून बघायचं, नाहीतर दारावर चिकटवलेला कागद वाचायचा.

लोक चिडले, आणि लगेच त्यांची टिंगलही सुरू झाली. पाच-सात डॉलरच्या कॉफीसाठी कसला एवढा शोक, पुढच्या चौकात दुसरं दुकान आहेच की, असा तिचा सूर होता. मला ही टिंगल पटत नाही. चिडलेल्या लोकांची बाजू बरोबर आहे असं माझं मत आहे. फक्त ते जे मागतायत, म्हणजे ‘आमचं दुकान परत उघडा’, ती मागणी कमकुवत आहे. त्यापेक्षा जास्त रास्त आणि पदरात पडण्याजोगी मागणी त्यांना करता येईल. दुकान बंद करायचं तर करा, पण निदान दोन महिने आधी सांगा आणि का बंद करताय तेही सांगा.

कॉफीचं दुकान बंद झाल्यावर लोकांनी आवाज उठवणं ही काही आजकालच्या लाडावलेल्या ग्राहकांची खोड नव्हे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २९ डिसेंबर १६७५ला फर्मान काढून देशातली कॉफीगृहं बंद करायला सांगितली होती. १० जानेवारी १६७६पासून ते लागू व्हायचं होतं. लंडनमध्ये एवढा गदारोळ झाला की ८ जानेवारीलाच राजाला माघार घ्यावी लागली. लोकांना तेव्हाही पेयापेक्षा बसायची, बोलायची, बातम्या ऐकायची जागा जाण्याचा राग होता. आणि बंदी लागू व्हायच्या आधी त्या राजाने मधे बारा दिवस ठेवले होते, हेही ध्यानात घ्यायला हवं.

एखाद्या साध्या दुकानात दिवसभरात कोण कोण येऊन बसतं ते बघा. पहाटे रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स येते. साडेसात-आठला दोन-तीन निवृत्त माणसं येतात. त्यांची जागा ठरलेली असते, आणि त्यांच्यापैकी एखादा आला नाही तर काउंटरवरची मुलगी विचारते की आज ते आजोबा कुठे आहेत. दुपारी कोपऱ्यात कुणीतरी शाळकरी मुलाला गणित शिकवत असतं, शेजारच्या टेबलावर नोकरीची मुलाखत चाललेली असते. घरात सगळी भावंडं एकाच खोलीत असलेला विद्यार्थी एक कप घेऊन तीन तास अभ्यास करतो. दोन बसच्या मधला पाऊण तास काढणारा माणूस असतो. फोन चार्ज करायला दुसरी जागा नसलेलाही एखादा असतो. यातलं कुणी कॉफीचं दर्दी असेलच असं नाही. ऊन-थंडीपासून आडोसा, खुर्ची, विजेचं सॉकेट, वायफाय आणि संडास एवढ्या गोष्टी त्यांना तिथे मिळतात. कपाचे पैसे हे एका अर्थी त्या जागेचं भाडं असतं.

ही सवय लोकांनी आपणहून लावून घेतलेली नाही. स्टारबक्सने ती पद्धतशीर लावली. घर ही पहिली जागा, काम ही दुसरी, आणि माणसांनी सहज भेटायची ती तिसरी जागा, अशी मांडणी रे ओल्डनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८९मध्ये केली. त्याच्या डोळ्यांसमोर गल्लीतला कॅफे, न्हाव्याचं दुकान, पब अशा जागा होत्या. स्टारबक्सचा दीर्घकाळचा प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ याने ती कल्पना उचलली आणि कंपनीची ओळखच त्यावर उभी केली. १ जुलै २०१०पासून कंपनीने चालवलेल्या अमेरिकेतल्या सगळ्या दुकानांत वायफाय फुकट झालं. एप्रिल २०१८मध्ये फिलाडेल्फियाच्या एका दुकानात काही न मागवता कुणाची तरी वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना पोलिसांनी बेड्या घातल्या. देशभर संताप उसळला. २९ मेला कंपनीने दुपारनंतर सुमारे ८,००० दुकानं बंद ठेवून कर्मचाऱ्यांना वंशभेदाबद्दल प्रशिक्षण दिलं, आणि त्याच महिन्यात, काही विकत न घेताही कुणीही बसावं, संडास वापरावा असं धोरण जाहीर केलं. जानेवारी २०२५मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडत होती. फोनवरून मागवायचं, दारातल्या फळीवरून कप उचलायचा आणि चालू पडायचं, अशा मागण्या वाढत गेल्या. अमेरिकेतले तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार आता तसे होतात. दुकानं त्या वेगासाठी बदलली गेली. दूध-साखरेचं टेबल महासाथीत गेलं ते कित्येक वर्षं आलं नाही. हजारो खुर्च्या निघाल्या. काही ठिकाणी बसायला जागाच नसलेली, फक्त माल उचलायची दुकानं निघाली. सप्टेंबर २०२४मध्ये आलेले मुख्याधिकारी ब्रायन निकोल यांनी ही दिशा उलटी फिरवायला घेतली आहे. खुर्च्या परत येतायत, चिनीमातीचे कप आले, दूध-साखरेचं टेबल परत आलं, बैठक नसलेली दुकानं बंद करायचं ठरलं. हे त्यांचं धोरण मला योग्य वाटतं. पण ज्या दुकानांमध्ये ग्राहकांना अपेक्षित असलेलं वातावरण तयार करता येणार नाही ती बंद करतोय, असं जेव्हा तीच कंपनी सांगते, तेव्हा ते वातावरण घालवलं कुणी, हा प्रश्न त्या दुकानात रोज बसणाऱ्या माणसाने विचारायलाच हवा. खुर्च्या त्याने काढल्या नव्हत्या.

आता संडासाचं बघू. हा विषय हसण्यावारी नेला जातो, पण सगळ्या प्रकरणात मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. १९७०च्या सुमारास अमेरिकेत नाणं टाकून उघडणारे हजारो संडास होते. मुताऱ्या फुकट आणि बंद दाराच्या संडासाला पैसे, म्हणजे भुर्दंड बायकांना, असा आक्षेप घेऊन काही विद्यार्थ्यांनी चळवळ उभारली आणि ती जिंकली. एकामागून एक शहरांनी, राज्यांनी पैसे घेणाऱ्या संडासांवर बंदी आणली. सत्तरचं दशक संपेपर्यंत ते जवळपास नाहीसे झाले. त्यांच्या जागी फुकटचे सार्वजनिक संडास मात्र बांधले गेले नाहीत. जे होते त्यातलेही बरेच देखभालीचा खर्च नको म्हणून बंद झाले. न्यूयॉर्कसारख्या ऐंशी लाखांवर वस्तीच्या शहरात आज बागा, भुयारी स्थानकं वगैरे मिळून सार्वजनिक संडास हजाराच्या आसपास आहेत. टॅक्सीवाला, सामान पोचवणारा मुलगा, लहान मूल घेऊन निघालेली आई, मधुमेही म्हातारा हे सगळे मग स्टारबक्सच्या हिरव्या पाटीकडे वळतात. जे काम नगरपालिकेने करायचं ते एका खासगी कंपनीवर ढकललं गेलं, आणि कंपनीनेही गर्दी दुकानात येते म्हणून ते बरीच वर्षं करू दिलं. कुणी कुणाशी करार केला नव्हता. म्हणूनच कंपनीने हात काढून घेतला तेव्हा त्याची दाद कुठे मागायची हे कुणालाच कळेना.

‘खासगी दुकान आहे, मालकाची मर्जी’ हे उत्तर इथे सरळ लागू पडतं असं अनेकांना वाटतं. मालकाला दुकान बंद करायचा हक्क आहे, यावर माझा वाद नाही. तोट्यातलं दुकान त्याने कायम चालवावं असं कुणी म्हणू नये. स्टारबक्सने एकेकाळी एवढी दाटीवाटीने दुकानं उघडली की एक दुकान दुसऱ्याचंच गिऱ्हाईक खात होतं. २००८मध्ये ६०० दुकानं बंद करायची ठरलं तेव्हा त्यातली सत्तर टक्के दुकानं जेमतेम अडीच वर्षांत उघडलेली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ८४ पैकी ६१ दुकानं बंद झाली, कारण तिथल्या लोकांना त्याहून चांगली कॉफी आधीच गल्लोगल्ली मिळत होती. अशी पडझड व्यापारात होते, व्हावीही.

पण २००८ आणि २०२५ यांतला फरक पाहण्यासारखा आहे. २००८मध्ये कंपनीने जुलै महिन्यात यादी जाहीर केली. सुरुवातीची पन्नासेक दुकानं लगेच गेली, बाकीची पुढच्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद झाली. त्या काळात न्यू मेक्सिकोतल्या ब्लूमफील्डसारख्या छोट्या गावापासून न्यूयॉर्कपर्यंत लोकांनी सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, गावचे अधिकारी कंपनीला फोन करत राहिले. बहुतेक दुकानं तरीही गेलीच. पण लोकांना बोलायला अवसर मिळाला, कामगारांना दुसरीकडे विचारायला वेळ मिळाला आणि जागेच्या मालकाला पुढचा भाडेकरू शोधता आला. तेव्हा कंपनी आजच्यापेक्षा कितीतरी मोठ्या संकटात होती, देश मंदीत होता. तरीही तिला यादी द्यायला जमलं. मग २०२५मध्ये का जमू नये?

माझ्या मते याचं उत्तर आर्थिक वर्ष संपवणाऱ्या त्या रविवारच्या तारखेत आहे. सगळा खर्च चालू वर्षाच्या हिशेबात बसवून नव्या वर्षाची पाटी कोरी ठेवायची, तर बंदही त्या आधीच व्हायला हवं. कंपनीने या सगळ्या फेररचनेसाठी एक अब्ज डॉलरचा खर्च धरला होता. त्यात ४५ कोटींच्या आसपास भाडेकरारांपोटी आणि सुमारे १५ कोटी नोकरी जाणाऱ्यांच्या भरपाईपोटी होते. म्हणजे अनेक ठिकाणी जागेचं भाडं दार बंद असतानाही भरायचंच होतं. ज्या जागेचं भाडं चालू आहे तिथे साठ दिवस दिवा लावून ठेवायला पगार, दूध, वीज एवढा खर्च येतो, आणि गल्ल्यात रोज काहीतरी जमाही होतं. तोट्यातल्या दुकानात हा तोटा थोडा वाढेल, हे खरं. पण ज्या परिसराने वर्षानुवर्षं त्या दुकानाला धंदा दिला, त्याच्यासाठी एवढं सोसणं फार नाही.

आणि हा परिसर कंपनीला अनोळखी नाही. लोकांनी तिच्या कार्डांवर आणि अ‍ॅपमध्ये आधीच भरून ठेवलेली रक्कम दीड अब्ज डॉलरच्या वर आहे. बिनव्याजी, बिनतारण. कोणता माणूस कोणत्या दुकानातून, किती वाजता, काय घेतो हे अ‍ॅपला ठाऊक असतं. आज खरेदीवर जादा गुण मिळणार आहेत हे कंपनी सकाळी सात वाजता कळवते, कप तयार झाला हे मिनिटात कळवते. हेच दुकान दोन महिन्यांनी बंद होणार आहे, हे त्याच फोनवर कळवायला कोणतं नवं यंत्र लागणार आहे?

कारण न सांगता टाळं लावण्याने आणखी एक गोष्ट होते. प्रत्येक जण आपापलं कारण लावतो. वस्ती गरीब असेल तर लोकांना वाटतं, आम्हाला वाळीत टाकलं. झिलो या घरविक्रीच्या संकेतस्थळाने २०१५मध्ये दाखवून दिलं होतं की १९९७ ते २०१४ या काळात स्टारबक्सच्या पाव मैलातल्या घरांच्या किमती ९६ टक्के वाढल्या, तर देशातल्या सगळ्या घरांच्या मिळून ६५ टक्के. दुकानामुळे किंमत वाढते की वाढणाऱ्या वस्तीतच दुकान येतं हा वाद बाजूला ठेवू. पण दुकान येण्याला लोक शकुन मानतात, मग जाण्याला अपशकुन मानणारच. जिथे कामगारांची युनियन आहे तिथे संशय आणखी गडद होतो. डिसेंबर २०२१मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या एल्मवुड अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानाने युनियनच्या बाजूने कौल दिला आणि लाट देशभर गेली. इथाका या विद्यापीठाच्या गावात २०२२मध्ये तिन्ही दुकानांत युनियन झाली, २०२३च्या मेपर्यंत तिन्ही बंद. डिसेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या अधिकाऱ्यांनी २३ दुकानं युनियनमुळे बंद केल्याचा आरोप ठेवून ती उघडण्याचा आदेश मागितला. कंपनीने आरोप नाकारला. २०२५मध्ये सिअ‍ॅटलच्या कॅपिटल हिलवरची २०१४ साली थाटामाटात उघडलेली भव्य रोस्टरी, म्हणजे कॉफी तिथेच भाजणारं दुकान, गेली, तिथेही युनियन होती, आणि तिथेही कंपनीने युनियनचा संबंध नाकारला. कंपनी खरं सांगत असेलही. पण ज्याने दोन दिवसांत टाळं लावलं आणि दुकानाचे आकडे दाखवले नाहीत, त्याने संशयाबद्दल तक्रार करू नये.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? अमेरिकेत १९८८चा केंद्रीय कायदा आहे. मोठ्या मालकाने कारखाना बंद करायचा तर साठ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. पण ती अट एका जागी पन्नास किंवा जास्त लोकांच्या नोकऱ्या जात असतील तरच लागते. कॉफीच्या दुकानात वीस-पंचवीस माणसं असतात. एकाच कंपनीने एकाच दिवशी शेकडो दुकानं मिळून हजारो माणसांना घरी पाठवलं तरी प्रत्येक दुकान वेगळं मोजलं जातं, आणि प्रत्येक दुकान पन्नासच्या खाली असतं. कारखान्यांच्या काळात लिहिलेला हा कायदा साखळी दुकानांच्या काळात असा निसटता झाला आहे. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत, पण मूळ भोक तसंच आहे.

उलट बँकेची शाखा बंद करायची असेल तर केंद्रीय कायद्याने ग्राहकांना नव्वद दिवस आधी कळवावं लागतं, आणि शाखेच्या दारावर निदान तीस दिवस सूचना लावावी लागते. टपाल कार्यालय बंद करायचं तर साठ दिवस आधी गावाला सांगून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. काही जागांवर लोकांचा रोजचा दिवस अवलंबून असतो, हे तत्त्व म्हणजे कायद्याला मान्य आहे. बँकही खासगीच असते, तिच्या मालकी हक्काला त्याने बाधा आली नाही.

कुणी म्हणेल, मोठी साखळी गेली तर बरंच झालं, जागा स्थानिक कॅफेला मिळेल. मलाही ते आवडेल. पण रिकामी जागा आपोआप चांगल्या माणसाच्या हाती जात नाही. जागेच्या मालकाला राष्ट्रीय साखळी हवी असते, कारण तिचं भाडं बुडत नाही. मोठ्या साखळ्या चांगल्या इमारतींमध्ये दुसऱ्या कॉफीवाल्याला येऊ देत नाहीत, अशी फिर्याद सिअ‍ॅटलजवळच्या एका छोट्या कॅफेच्या मालकिणीने २००६मध्ये स्टारबक्सविरुद्ध न्यायालयात नेली होती. स्थानिक माणसाला कर्ज उभं करायला, परवाने काढायला, मालकाशी बोलायला आठवडे लागतात. साठ दिवसांची मुदत सगळ्यात जास्त त्याच्याच कामी येईल. त्याच साठ दिवसांत नगरपालिकेला पाहता येईल की या चौकात दुसरा संडास आहे का, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होतं, ते दोन तास जास्त उघडं ठेवता येईल का. आज हे प्रश्न टाळं लागल्यानंतर पडतात, आणि मग कुणाला पडतही नाहीत.

अशा नियमाने लहान दुकानदार चिरडला जाईल ही भीती खरी आहे, म्हणून तो सरसकट नसावा. कसा असावा याचा नमुना खुद्द सिअ‍ॅटलमध्ये, स्टारबक्सच्या जन्मगावी आहे. १ जुलै २०१७पासून तिथे किरकोळ विक्री आणि खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपन्यांना, म्हणजे जगभरात मिळून ५०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांना, पाळ्यांचं वेळापत्रक चौदा दिवस आधी द्यावं लागतं. ऐनवेळी बदललं तर जास्तीचे पैसे मोजावे लागतात. तिथल्या बरिस्टाची, म्हणजे कॉफी बनवणाऱ्या कर्मचाऱ्याची, मंगळवारची पाळी बुधवारी करायला दोन आठवड्यांची सूचना लागते. त्याचं अख्खं दुकान बंद करायला तेवढीही लागत नाही. त्याच नियमातला माणसं मोजायचा निकष उचलावा. माणसं दुकानागणिक न मोजता कंपनीगणिक मोजावीत. मुदत साठ दिवसांची असावी. सूचना दारावर, अ‍ॅपवर आणि नगरपालिकेकडे द्यावी. कारण त्या एका दुकानाचं द्यावं, सगळ्यांना चिकटवलेलं एकच वाक्य चालू नये. आणि ज्यांच्या कार्डावर पैसे आहेत त्यांना ते रोख परत मागायची सोय त्याच सूचनेत असावी. सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने पाळ्यांसाठी हे एकदा केलेलं आहे. टाळ्यासाठी करायला तिला कुणी अडवलेलं नाही.